देवाज्ञा कशाला म्हणावे?



आपल्याकडे घरात कोकणी बोलणारेही निधनवार्ता मराठीत छापतात. तिच्यातला आपला जुना शब्द म्हणजे ‘देवाज्ञा’. ‘अमुक यांस देवाज्ञा झाली.’ पेशवाईतील पत्रांतही ‘देवाज्ञा जाली’ असेच लिहीत. नव्वदीच्या आजोबांनी मुलानातवंडांसमोर डोळे मिटले, तर याहून शोभणारा शब्द नाही. त्यात तक्रार नाही, जाब नाही. बोलावणे आले, गेले.

पण जिथे जाब विचारायलाच हवा, तिथे हा शब्द चालेल काय?

३ मे २०२५ च्या पहाटे आपल्या शिरगावात श्री लईराईच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली. सहाजणांचे प्राण गेले, कित्येक जखमी झाले. धोंड व्रत पाळून, हातात वेताची काठी घेऊन होमकुंडाकडे येतात ते देवीच्या दर्शनाला, मरायला नव्हे! मग ‘देवीची इच्छा’, ‘त्यांचे दिवस भरले होते’ असे आपणच का म्हणावे? देवीने अशी आज्ञा दिली असे म्हणणे हा देवीवरच आळ आहे.

सरकारनेही ही देवाची करणी मानली नाही. सत्यशोधन समिती नेमली, जिल्हाधिकारी व पोलीस अधीक्षकांसह काही अधिकाऱ्यांच्या बदल्या केल्या, मृतांच्या वारसांना प्रत्येकी १० लाख रुपये जाहीर केले. म्हणजे चूक माणसांची होती. मग आपल्या लेखणीने ती देवाच्या नावावर का टाकावी?

आम्ही बँकेत खतावण्या लिहिणारी माणसे. तिथे दहा रुपयांचा फरक पडला तरी तो कोणाच्या हातून पडला हे शोधल्याशिवाय कोणी घरी जात नाही. ‘देवाज्ञा खाते’ नावाचे खाते आमच्याकडे नाही. माणसांच्या जिवाचा हिशेब त्याहून ढिला असावा?

म्हणून आमचे आग्रहाचे म्हणणे आहे. या भाविकांच्या पुण्यतिथीच्या जाहिरातीत आणि श्रद्धांजलीच्या फलकांवर ‘देवाज्ञा’ लिहू नका. ‘शिरगाव जत्रेतील चेंगराचेंगरीत मृत्यू, ३ मे २०२५’ असे सरळ लिहा. आणि दर जत्रेआधी देवस्थान, पंचायत, पोलीस व जिल्हा प्रशासन या चौघांना एकच विचारा : उतारावर, अरुंद वाटेवर गर्दी आवरायला यंदा कोण उभा राहणार? त्याचे नाव सांगा.

‘देवाज्ञा’ हा आपल्या वाडवडिलांचा शब्द. तो म्हाताऱ्यांच्या शांत मरणासाठी राखून ठेवू. कोणाची हलगर्जी झाकायला तो देऊ नये.