थंडीची लाट न येणाऱ्या राज्यातील हिवाळा

डिसेंबर उजाडला की गोव्यात हिवाळ्याची दखल दोनच ठिकाणी घेतली जाते. पर्यटनाच्या बातम्यांत तो ‘हंगाम’ असतो आणि हवामानाच्या चौकटीत ‘आल्हाददायक’. याच दिवसांत उत्तर भारतातील शहरांत पालिका चौकाचौकांत शेकोट्या पेटवितात, रैनबसेरे उघडतात, शाळांच्या वेळा बदलल्या जातात. ग्वाल्हेरच्या मराठी घरांत थंडी हा पालिकेला जाब विचारण्याचा विषय असतो. पणजीत, मडगावात वा म्हापशात तो तसा नसतो आणि त्यात वरवर पाहता काही गैरही वाटत नाही. पणजीचे जानेवारीतील सरासरी किमान तापमान २० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. स्वेटर कपाटातून बाहेर येतो तोही बहुधा बेळगावला जायचे म्हणून.

तथापि गोव्याच्या प्रशासनाला थंडी दिसत नाही, याचे कारण केवळ हवामानात नाही. ते दोन आकड्यांत आहे. एक आकडा तापमानाचा आहे, दुसरा लोकसंख्येचा आणि गोव्यातील शहरे या दोहोंच्या खाली अथवा बाहेर पडतात.

पहिला आकडा भारतीय हवामान विभागाचा. मैदानी प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा त्याहून कमी झाले आणि ते सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी उतरले, तर थंडीची लाट जाहीर होते. पारा थेट ४ अंशांवर आला तर सरासरीशी तुलना करण्याचीही गरज उरत नाही. किनारपट्टीवर १० अंश क्वचितच गाठले जातात, हे लक्षात घेऊन तेथे निकष सैल करण्यात आला आहे. सरासरीपेक्षा साडेचार अंशांची घट आणि १५ अंश किंवा त्याखालील किमान तापमान, असा तो आहे. पणजीत २० अंशांची सरासरी धरली तर १५ अंश ही पाच अंशांची घट झाली. ती दुर्मीळ म्हणावी अशी गोष्ट. त्यामुळे इशारा निघत नाही आणि इशारा निघाला नाही की पालिकेच्या आपत्ती आराखड्यातील त्या विषयाचे पान उघडत नाही. सत्तरी, सांगे, धारबांदोडा या आतील तालुक्यांत पहाट किनाऱ्यापेक्षा बरीच गार असते. वाळपईत पहाटे दूध घालणाऱ्याला हे सांगावे लागत नाही.

माणसाचे शरीर मात्र हवामान विभागाच्या व्याख्येची वाट पाहत नाही. ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात १३ देशांतील ३८४ ठिकाणच्या सुमारे ७.४ कोटी मृत्यूंचा तापमानाशी असलेला संबंध तपासण्यात आला होता. तापमानाशी निगडित मृत्यूंत थंडीचा वाटा उष्णतेच्या अनेक पटींनी मोठा असल्याचे त्यात आढळले. अधिक महत्त्वाचे असे, की त्यांतील बहुसंख्य मृत्यू कडाक्याच्या दिवसांतील नव्हते, तर नेहमीपेक्षा थोड्या गार, कोणी ज्यांची बातमी करणार नाही अशा दिवसांतील होते. भारत त्या अभ्यासात नव्हता, हे खरे. पण त्यामागील शरीरशास्त्र देशपरत्वे बदलत नाही. गारव्याने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो. ज्याची आधीच पन्नाशी-साठी उलटली आहे, जो मधुमेही आहे, ज्याच्या पोटात रात्री पुरेसे अन्न नाही आणि ज्याच्या पाठीखाली फरशी आहे, त्याच्यासाठी १७ अंशांची ओलसर पहाट आल्हाददायक नसते. गोव्याच्या हवेतील दमटपणा आणि दव यांमुळे अंथरूण ओले होते. ओले अंथरूण अंगाची ऊब झपाट्याने शोषून घेते.

दुसरा आकडा एक लाखाचा. दिल्लीत २००९-१० च्या हिवाळ्यात एक तात्पुरता रैनबसेरा हटविण्यात आल्यानंतर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले आणि अन्नाच्या अधिकाराच्या खटल्यात शहरी बेघरांच्या निवाऱ्याचा प्रश्न देशभराचा झाला. दर एक लाख शहरी लोकसंख्येमागे चोवीस तास खुला असलेला एक निवारा, हे सूत्र त्यातून रूढ झाले. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने तेच स्वीकारले. एका निवाऱ्यात ५० ते १०० माणसांची सोय आणि माणशी किमान ५० चौरस फूट जागा, असा त्याचा तपशील होता.

आता हे सूत्र गोव्याला लावून पाहावे. २०११ च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या १४.५८ लाख आणि त्यातील ६२ टक्क्यांहून अधिक शहरी, म्हणजे नऊ लाखांहून किंचित जास्त. राज्याचा एकत्रित हिशेब केला तर नऊ निवारे व्हायला हवेत. परंतु हिशेब पालिकानिहाय केला की चित्र पालटते. मुरगाव पालिकेची लोकसंख्या सुमारे ९४ हजार, मडगावची सुमारे ८७ हजार, पणजीची सुमारे ४० हजार. एकही पालिका लाखापर्यंत पोहोचत नाही. शिवाय जनगणनेच्या दृष्टीने शहरी ठरलेला गोव्याचा मोठा भाग प्रत्यक्षात ग्रामपंचायतींच्या हद्दीत आहे. नऊ निवाऱ्यांची गरज असलेले राज्य अशा रीतीने कागदावर शून्य निवाऱ्यांचे होऊ शकते. २०१६ मध्ये अभियानाची व्याप्ती सर्व वैधानिक शहरांपर्यंत वाढविण्यात आली खरी; पण लहान पालिकेसाठी निवारा उभारणे ही मुभा राहिली, बंधन झाले नाही.

लोकसंख्येचे निकष हवे तेव्हा शिथिल करता येतात, हे गोव्याला कोणी शिकवावे असे नाही. महाराष्ट्रात साधारण तीन लाख लोकवस्तीखेरीज महानगरपालिका होत नाही. पणजी ४० हजारांवर महानगरपालिका आहे, तीही २००२ च्या स्वतंत्र कायद्याने. राजधानीच्या प्रतिष्ठेसाठी जो अपवाद करता आला, तो पदपथावर झोपणाऱ्यासाठी करता येणार नाही असे कोणताही कायदा सांगत नाही.

उघड्यावर झोपणारे कोण, हा प्रश्न येथे टाळता येत नाही. बसस्थानकांच्या आणि रेल्वे स्थानकांच्या आवारात, बाजारपेठांच्या ओसरीवर रात्री दिसणाऱ्यांत काही वृद्ध व आजारी आहेत, काही घरातून दुरावलेले. पण हिवाळ्यात भर पडते ती हंगामी कामगारांची. पर्यटनाचा आणि बांधकामाचा भर एकाच वेळी येतो, कारण पाऊस संपल्यावरच दोन्ही सुरू होतात. जनगणनेने बेघरांची मोजणी २०११ च्या फेब्रुवारीतील एका रात्री केली आणि देशात शहरी बेघर सुमारे ९.३८ लाख असल्याचे नोंदविले. पत्र्याच्या खोपीत दहा जण झोपत असतील, तर ते या मोजणीत बेघर ठरत नाहीत. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने कामगारांना तात्पुरती निवासव्यवस्था, स्वतंत्र स्वयंपाकाची जागा, स्नानगृह व शौचालय मोफत देण्याचे बंधन मालकावर घातले. बांधकामाचा परवाना देताना या व्यवस्थेची पाहणी झाली तर निम्मा प्रश्न तेथेच सुटतो, कारण त्या टप्प्यावर ठेकेदाराला पालिकेची गरज असते. नंतर ती उरत नाही.

विधानसभेने २०२४ मध्ये भाडेकरू पडताळणीचा कायदा संमत केला. परगावचा माणूस कोठे राहतो, याची माहिती शासनाला हवी आहे, ती पोलिसांच्या कामासाठी. तो कशा खोलीत राहतो, तीत वायुवीजन आहे काय, बाहेर पडण्याची दुसरी वाट आहे काय, हे मात्र त्या अर्जात विचारले जात नाही. डिसेंबर २०२५ मध्ये हडफडे येथील नाईटक्लबच्या आगीत २५ जणांचा बळी गेला. त्यांत पर्यटक थोडे आणि तेथे काम करणारे परप्रांतीय व नेपाळी कर्मचारी बहुसंख्य होते. चर्चा परवान्यांवर झाली, ती व्हायलाच हवी होती. हंगामाचे ओझे वाहणारी ही माणसे स्थानिक मतदारयादीत नसतात आणि प्रभागाच्या राजकारणात त्यांची बाजू मांडणारा सहसा कोणी नसतो, हा भाग चर्चेत मागे पडला.

हिवाळ्याचा आणखी एक धोका मात्र मतदारांच्या घरातही शिरतो. पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि जड होते, वरची तुलनेने उबदार राहते आणि धूर खालीच कोंडतो. गोव्यात याच काळात पानगळीचा पाला, नारळाच्या झावळ्या आणि त्यासोबत प्लास्टिक पेटविण्याची सवय आहे. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळल्यास ५ हजार रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५ हजार रुपये दंडाचा आदेश दिला होता. दंड वसूल करणारी यंत्रणा पालिकेचीच. पण झाडलोटीनंतर कोपऱ्यात पाल्याचा ढीग पेटलेला दिसला, तर तो कोणी पेटविला हे विचारण्यास पालिका फारशी उत्सुक नसते. दम्याच्या रुग्णांना पहाटेच्या फेरफटक्याऐवजी ऊन चढल्यावर बाहेर पडण्याचा सल्ला डॉक्टर देतात, तो या धुरामुळे.

घरातील धोका याहून शांत आहे. बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा झरोका नसलेल्या न्हाणीघरात गॅस गिझर चालला, तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोके दुखू लागणे आणि गरगरणे ही त्याची पहिली खूण असते आणि माणूस ती थकवा समजून आडवा होतो. अशा वेळी दारे उघडून मोकळ्या हवेत येणे आणि १०८ वर कळविणे, एवढेच करायचे असते. सदनिकेला भोगवटा प्रमाणपत्र देताना न्हाणीघराचा झरोका पाहिला जातो. नंतर तो काच लावून बंद केला जातो, तेव्हा कोणी पाहत नाही.

यांतील कोणत्याही कामासाठी नव्या कायद्याची गरज नाही. पणजी महापालिका, १३ पालिका आणि १९१ ग्रामपंचायती यांच्याकडे सभागृहे आहेत, बाजारसंकुले आहेत. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात त्यांतील एकेक दालन रात्री उघडे ठेवणे, पहारेकरी, पिण्याचे पाणी आणि चटया यांची सोय करणे हा खर्च कार्निव्हलच्या मंडपापेक्षा मोठा नसावा. शेजारच्या दोन-तीन पालिकांनी मिळून एक कायमचा निवारा चालविला, तर लाखाचा निकषही आपोआप पूर्ण होतो. मडगाव आणि मुरगाव यांची बेरीजच १ लाख ८० हजारांवर जाते. पालिकांची अंदाजपत्रके हिवाळ्याच्या अखेरीस मांडली जातात आणि पणजीसह बहुतेक पालिकांच्या मागील निवडणुका मार्च-एप्रिल २०२१ मध्ये झाल्या असल्याने त्यांची पाच वर्षांची मुदत २०२६ मध्ये पूर्ण होते. प्रभागात मते मागण्यास येणाऱ्या उमेदवाराला रस्ता, गटार आणि पार्किंग यांच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारता येईल. आपल्या प्रभागातील बाजाराच्या ओसरीवर रात्री किती माणसे झोपतात आणि पालिकेने ती कधी मोजली आहेत काय?