वलय कोणाच्या डोक्याभोवती?

आमच्या गिरिभ्रमण मंडळातील एकवीस जणांनी एकदा हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर चांगले अर्धा तास भांडण केले. पावसाळा नुकताच संपला होता. त्या भांडणात मी, म्हणजे महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकविणारा मनुष्य, साफ हरलो. तेव्हापासून माझे मत झाले आहे की नववी-दहावीच्या मुलामुलींना 'अभ्यास बुडतो' म्हणून अशा मंडळांपासून दूर ठेवणे ही चूक आहे.

आधी काय घडले ते सांगतो. कोकणकडा पश्चिमेला तोंड करून उभा आहे. सकाळी सूर्य आपल्या पाठीशी असतो आणि समोर दरीत धुके भरलेले असते. त्या दिवशी धुके अगदी काठाला टेकले होते. आमच्या मंडळाचा नियम असा की, काठापासून पाच पावले मागेच उभे राहायचे आणि अण्णांनी डोकी मोजल्याखेरीज कोणी हलायचे नाही. ऊन वर आले आणि समोरच्या पांढऱ्या पडद्यावर आमच्या सावल्या पडल्या. त्यांच्याभोवती इंद्रधनुष्याच्या रंगांचे, पण त्याहून पुष्कळ लहान असे पूर्ण वर्तुळ दिसू लागले. आपल्याकडे याला इंद्रवज्र म्हणतात. कर्नल साइक्स यांनी याच गडावर ते पाहिले होते आणि १८३५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात त्याचे वर्णन केले होते.

मी लगेच शिक्षकाच्या आवाजात सांगून टाकले, "पाहा, आपल्या सर्वांच्या सावल्यांभोवती एक वलय पडले आहे." त्यावर नववीतली एक मुलगी म्हणाली, "नाही सर, ते फक्त माझ्या डोक्याभोवती आहे." तिच्या शेजारचा मुलगा म्हणाला, "काहीतरीच! ते माझ्या डोक्याभोवती आहे." मग काय, जो तो वलय आपलेच म्हणू लागला. आपली सावली कोणती हे कळावे म्हणून सगळे हात हलवू लागले. शेवटी त्या मुलीनेच तोड काढली. एकाने रांगेतून दहा पावले उजवीकडे जायचे आणि काय दिसते ते ओरडून सांगायचे. तो गेला आणि ओरडला, "माझ्याबरोबर आलं!" इकडचे वीस जण म्हणाले, "इथेच आहे!" त्याची सावली आम्हांला दिसत होती, पण तिच्याभोवती रंग मात्र नव्हते.

याचे कारण कळल्यावर मी मनात खजील झालो, कारण ते मला ठाऊक असायला हवे होते. धुक्याचे अतिसूक्ष्म थेंब प्रकाशाचा काही भाग जवळजवळ आल्या वाटेने, सूर्याच्या दिशेने, परत पाठवितात. तो परतलेला प्रकाश माझ्या डोळ्यात यायचा तर थेंब, माझा डोळा आणि सूर्य हे जवळजवळ एका रेषेत हवेत. ही रेषा माझ्या डोक्याच्या सावलीतूनच जाते. तुमच्या डोळ्यासाठी रेषा निराळी, म्हणून तुमचे वलयही निराळे. इंद्रधनुष्याच्या कमानीची त्रिज्या सुमारे ४२ अंश असते. हे वलय काही अंशांचेच असते आणि थेंब जितके बारीक तितके ते मोठे दिसते. रंगांचा संपूर्ण खुलासा करायला प्रकाशाच्या तरंगरूपाचे बरेच गणित लागते. ते पुढे शिकाल. विमानात खिडकीशी बसून ढगांवर पडलेली विमानाची सावली पाहिलीत, तर वलयाचा मध्य नेमका तुमच्या आसनाच्या जागी असतो.

मी त्या दिवशी एकटा असतो तर वहीत 'वलय माझ्या डोक्याभोवती' असे लिहून समाधानाने घरी आलो असतो. सोळाव्या शतकातील इटालियन सुवर्णकार चेल्लिनी याने तर आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे की, सकाळी दवाने भिजलेल्या गवतावर आपल्या डोक्याच्या सावलीभोवती तेज दिसते. त्याला ती दैवी कृपा वाटली. दवावरचे हे तेज इंद्रवज्राहून निराळे, रंग नसलेले. पण तेही ज्याचे त्यालाच दिसते. शेजारच्याला "तुला काय दिसते?" असे विचारले की असले तेज सर्वांना सारखे वाटले जाते. उद्या सकाळी मैदानावर दव असेल तर मित्राला घेऊन पाहा.

निसर्ग एकट्यानेच अनुभवावा असे काही जण म्हणतात. शांततेपुरते त्यांचे खरे आहे, आणि खांद्यावर गाण्यांचा भोंगा घेऊन गड चढणारा घोळका मलाही नको वाटतो. त्या घोळक्यात कोणी कोणाला काही विचारीत नाही. मंडळाचे तसे नसते. तेथे तीच माणसे वर्षानुवर्षे एकत्र चालतात, म्हणून "सर, तुमचे चुकले" असे म्हणायला नववीतली मुलगीही भीत नाही. माझ्या वर्गात हे वाक्य मी क्वचितच ऐकले आहे, आणि दोष मुलांचा नसावा.

स्कॉटलंडमध्ये बेन नेव्हिस या १३४५ मीटर उंचीच्या शिखरावर १८८३ ते १९०४ पर्यंत एक वेधशाळा होती. लोकवर्गणीच्या आधाराने ती उभी राहिली आणि तेथे रात्रंदिवस दर तासाला नोंदी घेत. कायमच्या निरीक्षकांना विश्रांती मिळावी म्हणून उन्हाळ्यात हौशी मंडळी वर जात. सप्टेंबर १८९४ मध्ये असाच दोन आठवड्यांसाठी सी. टी. आर. विल्सन हा तरुण गेला. ढगांवरची हीच वलये पाहून त्याला ती प्रयोगशाळेत निर्माण करावीशी वाटली. त्या खटपटीतून अणूपेक्षाही लहान कणांचे मार्ग दाखविणारे अभ्रपेटी नावाचे उपकरण जन्मले आणि १९२७ साली विल्सनला नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे 'अभ्यास बुडतो' ही तक्रार येथे तरी टिकत नाही!

आमचे धुके मात्र थोड्या वेळाने विरले. अण्णांनी डोकी मोजली, एकवीस भरली, आणि आम्ही पाचनईच्या वाटेला लागलो. उतरताना त्या दोघांचा नवा वाद सुरू झाला : दोघांनी डोक्याला डोके लावून पाहिले असते तर वलये किती? गावात पोचून चहा येईपर्यंत तो मिटला नव्हता.