यंत्रमानवाचा डबा: घ्यावा की न घ्यावा?



या आठवड्याच्या टपालात एका ताईंचे पत्र आले आहे. त्या लिहितात, "कांद्याचे चार पैसे हाती आले आहेत. पुण्याच्या एका ओळखीच्या घरी मुलाने खेळून ठेवलेला यंत्रमानवाचा डबा विकायचा आहे. डब्यावर लेगो माइंडस्टॉर्म्स ईव्ही-३ असे लिहिले आहे. ते सात हजार मागतात. आमची मुलगी सातवीत आहे. घरातला बिघडलेला रेडिओ, टॉर्च, सगळे ती उघडून बसते. तिला तो डबा हवा आहे. आमच्या ह्यांचे म्हणणे, आधी ठिबकचा फिल्टर बदलू, आणि खेळणे घ्यायचेच तर धाकट्या मुलासाठी घेऊ. तुम्ही काय सांगता?"

पत्र वाचले आणि वाटले, हा प्रश्न एका घरचा नाही. शहरातली जुनी खेळणी आता गावात येऊ लागली आहेत. तेव्हा डब्यातल्या मालाचे गुण आणि दोष, दोन्ही पारड्यांत घालून पाहू.

आधी ही वस्तू काय आहे ते सांगतो. डेन्मार्कमधल्या बिलुंड या छोट्या गावात एका सुताराने १९३२ साली लाकडी खेळणी करायला सुरुवात केली. त्या कारखान्याचे नाव लेगो. एकमेकांत घट्ट बसणारी प्लॅस्टिकची वीट आजच्या रूपात त्यांनी १९५८ साली आणली. पुढे अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतले सेमूर पॅपर्ट यांनी १९८० साली 'माइंडस्टॉर्म्स' नावाचे पुस्तक लिहिले. मूल स्वतःच्या हाताने काही घडवते तेव्हा ते खरे शिकते, असे त्यांचे सांगणे. त्या पुस्तकाचे नाव घेऊन १९९८ साली लेगोने यंत्रमानवाचा पहिला डबा बाजारात आणला. ताईंच्या पत्रातला ईव्ही-३ हा २०१३ सालचा. घरगुती डब्यात ६०१ तुकडे, तीन मोटारी, तीन संवेदक आणि एक मेंदूची पेटी असते. अमेरिकेत तो ३५० डॉलरला मिळे, म्हणजे त्या वर्षीच्या भावाने वीस हजारांच्या आसपास.

संवेदक म्हणजे काय, तर आपल्या पाण्याच्या टाकीतला फ्लोट. टाकी भरली की फ्लोट वर येतो आणि मोटार बंद होते. तसाच इथे एक संवेदक स्पर्श ओळखतो, दुसरा रंग ओळखतो आणि तिसरा समोरची वस्तू जवळ आहे की लांब, ते सांगतो. तो कळवतो, पेटी ठरवते आणि मोटार फिरते. ही पेटी काय ठरवील, ते मुलाने आधी लिहून ठेवायचे. एवढाच सारा खेळ.

आता गुण सांगतो. माझ्या डोळ्यांनी पाहिलेलेच सांगतो.

मागच्या उन्हाळ्यात माझ्या भावाची नात असाच डबा घेऊन आमच्याकडे आली होती. वय बारा. तिने दोन चाकांची गाडी जोडली आणि ती चौकोनात फिरेल अशी आज्ञा लिहिली. शहरातल्या घरी फरशीवर गाडी बरोबर चौकोन काढत असे. आमच्या सारवलेल्या अंगणात सोडली, तर पहिल्याच वळणावर ती तुळशीवृंदावनाला जाऊन धडकली.

पोर हिरमुसली. मी म्हटले, "अगं, अंगण खडबडीत आहे, तुझा काय दोष?" तिला ते पटले नाही. तिने वळण सेकंदांत मोजले होते, अमुक सेकंद चाक फिरव म्हणून. सेल उतरले की मोटार मंदावते आणि तेवढ्या सेकंदांत वळण अपुरे राहते. या मोटारी आपण किती अंश फिरलो ते स्वतः मोजतात. तिने सेकंद काढून अंश घातले. गाडी सुधारली, पण चाक मातीत घसरत होते. मग वेग कमी केला. मग पुढचे वजन मागच्या चाकावर आणले. तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला गाडीने चौकोन पुरा केला. ती मला म्हणाली, "आजोबा, गाडी चुकतच नव्हती. मी सांगितलं तेच ती करत होती. मीच चुकीचं सांगत होते."

मंडळी, साठी उलटली तरी हे वाक्य आपल्या तोंडून निघत नाही. या डब्याचा पहिला गुण हाच. चूक कुठे झाली ते तो रागावून सांगत नाही, पण लपवूही देत नाही.

दुसरा गुण गणिताचा. या तुकड्यांना ओळीने भोके असतात आणि शेजारच्या दोन भोकांतले अंतर सगळीकडे ८ मिलिमीटर असते. त्यामुळे कोणताही तुकडा कुठेही जुळतो, आणि जोडताना मूल नकळत मोजू लागते. १२ दात्यांच्या चाकाने ३६ दात्यांचे चाक फिरवले, तर वेग तिसरा हिस्सा होतो आणि जोर जवळजवळ तिप्पट होतो. कडबाकुट्टीला आणि ट्रॅक्टरला हाच हिशेब असतो. पुस्तकातले गुणोत्तर इथे हाताला कळते.

तिसरा गुण म्हणजे तो मोडून पुन्हा जोडता येतो. खिळा नाही, डिंक नाही, झाळ नाही. आज गाडी, उद्या दाणे रंगावरून निवडणारे यंत्र, परवा आणखी काही.

आता दोष. तेही उघडपणे सांगितले पाहिजेत.

पहिला दोष, माल आता बंद झाला आहे. ही माइंडस्टॉर्म्सची सगळी मालिकाच कंपनीने २०२२ च्या अखेरीस थांबवली. म्हणजे पेटी जळाली तर नवी दुकानात मिळणार नाही, जुन्या बाजारात शोधावी लागेल. मोटारीची वायर टेलिफोनच्या वायरीसारखी दिसते, पण तिच्या टोकाची खिट्टी मधोमध नसून एका बाजूला असते. टेलिफोनची वायर आणून काम भागत नाही. ज्याचा सुटा भाग तालुक्याला मिळत नाही, ते यंत्र घेताना आपण दहादा विचार करतो. इथेही करावा.

दुसरा दोष संगणकाचा. मेंदूच्या पेटीवरच्या बटणांनी थोड्या पायऱ्यांचा प्रोग्राम लिहिता येतो, पण मोठे काम करायचे तर संगणक हवा आणि त्यात योग्य सॉफ्टवेअर हवे. बंद झालेल्या मालाचे सॉफ्टवेअर कंपनी किती वर्षे सांभाळील, याचा भरवसा धरू नये. जाणकार लोकांनी मेमरी कार्डावरून चालणारे मोफत मार्ग काढले आहेत, पण ते बसवून देणारा कोणी जवळ असला पाहिजे.

तिसरा दोष खर्चाचा. पेटीला सहा पेन्सिल सेल लागतात. डबा एकदा घेतला, पण सेल दर खेपेला. पुन्हा चार्ज होणारे सेल आणि चार्जर घेतला तरच परवडते.

चौथा दोष चित्रांचा. सोबतची चित्रे पाहून पोर एक सापासारखा, एक विंचवासारखा यंत्रमानव जोडते. एका वेळी एकच होतो, कारण तुकडे तेच. नव्याचे नऊ दिवस सरले की डबा माळ्यावर जातो. चित्र पाहून जोडणे म्हणजे गाइड पाहून उत्तर लिहिणे. त्याने हात वळतो, डोके वळत नाही.

आणि पाचवे म्हणजे हे खेळणे आहे, अवजार नाही. पाणी, चिखल, धूळ त्याला सोसत नाही. समोरची वस्तू ओळखणारा संवेदक अवरक्त किरणांवर चालतो, तो रणरणत्या उन्हात गोंधळतो. याने पिकावर फवारणी होईल असे कोणी सांगत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नका. घरात रांगते मूल असेल तर बारीक तुकडे त्याच्या हाती पडणार नाहीत, एवढे मात्र जपा.

मग घ्यावा की न घ्यावा?

ताई, फिल्टरच्या बाबतीत तुमच्या ह्यांचे म्हणणे रास्त आहे. फिल्टर तुंबला तर पीक जाईल. तो आधी बदला. डबा चार महिने थांबला तर मुलीची हुशारी कुठे जात नाही. पण मुलासाठी घेऊ, हे मात्र पटले नाही. रेडिओ कोण उघडते? मुलगी. मग डबाही तिचाच. धाकट्याला तिने शिकवावे. शिकवताना तिचेही पक्के होईल.

पैसे देण्यापूर्वी विकणाऱ्याच्या घरीच माल पारखून घ्या. बैल आपण दात पाहून, चालवून घेतो, तसेच. सहा नवे सेल बरोबर न्या. आधी पेटीचे मागचे झाकण उघडून पाहा. जुने सेल पाझरून पट्ट्यांना गंज चढला असेल तर तिथूनच परत या. मग सेल घालून मधले बटण दाबा. आधी लाल आणि थोड्या वेळाने हिरवा दिवा लागला पाहिजे. पेटीतच मोटार फिरवून पाहण्याची सोय असते. तिन्ही मोटारी दोन्ही दिशांना फिरवून पाहा. संवेदक काय वाचतात तेही पडद्यावर दिसते. रंगाच्या संवेदकापुढे लाल आणि पिवळे कापड धरा. वायरींची टोके तपासा. दहावीस तुकडे कमी भरले तर चालेल, पण पेटी, मोटारी, संवेदक आणि वायरी यांत तडजोड नको. एवढे सगळे ठीक निघाले तरी सात हजारांवर थांबू नका, घासाघीस करा. माल बंद झालेला आहे, हे त्यांनाही ठाऊक असेल.

त्याआधी एक काम करा. शाळेत चौकशी करा. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ पासून देशातल्या हजारो शाळांत सहावी ते बारावीच्या मुलांसाठी अटल टिंकरिंग लॅब काढल्या आहेत. तुमच्या किंवा शेजारच्या गावच्या शाळेत ती असेल, तर तिथे असे साहित्य आणि संगणक दोन्ही असतील. मुख्याध्यापकांना भेटा. लॅबला कुलूप असेल तर ते उघडायला सांगण्याचा पालकांना हक्क आहे.

आणि चार महिने मुलीने काय करावे? काड्यापेटी आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी घ्यावी. कानपूरच्या आयआयटीत शिकलेले अरविंद गुप्ता पुण्याच्या टेल्को कारखान्यात नोकरीला होते. १९७८ साली ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या कामात गेले, आणि तिथे त्यांनी याच दोन वस्तूंपासून जोडणीचा खेळ केला. पुढे पुण्याच्या आयुका संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी बरीच वर्षे काम केले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. नळीचे लहान तुकडे करायचे आणि त्यांत काड्या खोचायच्या. गुल काढून टाकायला विसरू नका. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी हलत नाही, चार काड्यांचा चौकोन लगेच कलतो. त्याला एक तिरपी काडी द्या, तोही घट्ट होतो. गोठ्याच्या छपराला तिरपा दांडा का घालतात, ते तुमच्या मुलीला दहा रुपयांत समजेल.

हा खेळ चार महिने टिकला, रोज नवे काही जोडले गेले, तर डोळे झाकून डबा घ्या. आठ दिवसांत काड्या चुलीपाशी गेल्या, तर सात हजार वाचले म्हणा आणि मुलीला मुळीच बोलू नका. आवड बदलते, ती बदलण्याचा मुलांना अधिकार आहे.

डबा आलाच, तर एक पथ्य पाळा. गाडी भिंतीला धडकली की आपण उठून दुरुस्त करायला जायचे नाही. लांब बसायचे आणि एवढेच विचारायचे, "बाळा, तू तिला नेमके काय सांगितले होतेस?"

पुढे काय झाले ते ताईंनी जरूर कळवावे. फिल्टर बदलला का, हेही लिहावे.