उसन्या सामानाची याद

आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी आज एखादा मुलगा वा मुलगी 'पायथन' शिकत असेल. संगणकाची ही भाषा ग्वीडो व्हान रॉसम या डच गृहस्थाने १९९१ साली लोकांपुढे ठेवली. तिचे नाव सर्पावरून नव्हे, तर 'मॉन्टी पायथन' या विलायती विनोदी मंडळीवरून पडले. या भाषेत संकेतस्थळ उभारणारा सारेच काही स्वतः लिहीत नाही. दुसऱ्यांनी तयार करून ठेवलेली पॅकेजे तो 'इम्पोर्ट' या एका शब्दाने मागवून घेतो. सोय मोठी खरी, परंतु पुष्कळसे घोटाळे याच दारातून आत शिरतात.

नावाचेच पाहा. मागितलेले पॅकेज पायथन सामान्यतः प्रथम प्रोग्रामच्या स्वतःच्या फोल्डरात शोधते, मग भाषेबरोबर आलेल्या संग्रहात, आणि शेवटी बाहेरून आणून बसविलेल्या पॅकेजांत. नवशिक्याने आपल्या फाईलला 'रँडम' असे नाव दिले, की मूळचे 'रँडम' मागितले तरी हाती येते ते घरचेच! वाड्यात दोन जोशी असले म्हणजे टपाल पहिल्याच दारी पडते, तसे हे. २०२४ च्या ३.१३ आवृत्तीपासून अशा वेळी फाईलचे नाव बदलण्याची सूचना पायथन स्वतःच करते.

दुसरा घोटाळा 'आधी तू, आधी तू' असा. मुख्य फाईल कोष्टकांची फाईल मागविते, आणि कोष्टकांची फाईल डेटाबेसच्या जोडणीसाठी पुन्हा मुख्य फाईलकडे वळते. ती अर्धवटच तयार झालेली असल्याने काम अडते. जोडणी तिसऱ्या, स्वतंत्र फाईलमध्ये ठेवून दोघींनी ती तेथून घ्यावी. हे न करता इम्पोर्टच्या ओळी वरखाली सरकवीत बसणे आम्हांस पसंत नाही. तशाने आजचा दिवस निभावतो, एवढेच.

सर्वांत मनस्ताप देतो तो मात्र आवृत्त्यांचा प्रश्न. 'फ्लास्क' हे संकेतस्थळे बांधण्याचे लोकप्रिय साधन 'व्हर्कझॉइग' नावाच्या दुसऱ्या पॅकेजावर उभे आहे. फ्लास्कच्या २.२ मालिकेने त्याची किमान आवृत्ती सांगितली होती. कमाल सांगितली नव्हती. सप्टेंबर २०२३ अखेर व्हर्कझॉइगची ३.० आवृत्ती आली आणि तीतून एक जुने फंक्शन वगळले गेले. काल चालणारे स्थळ नव्याने बसविताच इम्पोर्टच्या ओळीवर अडू लागले. लिहिणाऱ्याने तर एक अक्षरही बदललेले नव्हते! म्हणून प्रत्येक कामासाठी निराळे 'व्हेन्व्ह' करावे (ही सोय २०१२ पासून भाषेतच आहे), आणि कोणते पॅकेज नेमक्या कोणत्या आवृत्तीचे, याची यादी फाईलरूपाने सोबत ठेवावी. किराण्याच्या यादीत नुसते 'तांदूळ' लिहून भागत नाही, हे गृहिणींना सांगावयास नको.

यादी करताना अक्षरे तपासून घ्यावीत. २०१७ साली स्लोव्हाकियाच्या राष्ट्रीय सुरक्षा कार्यालयास पायथनच्या सार्वजनिक भांडारात दहा तोतया पॅकेजे आढळली. नावे प्रसिद्ध पॅकेजांसारखीच, कोठे एखादे अक्षर गाळलेले. ती वापरणाऱ्याचे व त्याच्या संगणकाचे नाव गुपचूप बाहेर पाठवीत. याहून अधिक काही नेत नव्हती, हे नशीब. आपल्या मुलांनी मंडळाचे स्थळ बांधले, तर त्यात सभासदांचे पत्ते आणि दूरध्वनी असतात. भांडारात नाव टंकण्यापूर्वी मूळ पॅकेजाच्या माहितीपत्रातून ते जसेच्या तसे उतरवून घ्यावे.