खान्देशी घरात अडलेली हवा

धुळे : एप्रिल अर्ध्यावर आला की शहरातील गच्च्यांवर संध्याकाळी पाणी मारले जाते. साक्री रोड असो, देवपूर असो वा गल्ल्यांच्या क्रमांकांनी ओळखले जाणारे जुने धुळे, रात्री नऊ-दहाच्या सुमारास दृश्य सगळीकडे सारखेच दिसते. अंथरुणे वर जातात आणि घर रिकामे होते. गच्चीवर पांघरूण घ्यावेसे वाटेल असा पहाटवारा सुटतो. त्याच गच्चीच्या पाच इंच खाली, त्याच वेळी, पंखा फिरत असूनही अंगाला चटका बसावा अशी हवा कोंडलेली असते. वृद्ध, आजारी माणसे, बाळंतिणी आणि ज्यांना गच्चीच नाही असे भाडेकरू त्या खोल्यांतच रात्र काढतात.

उन्हाळ्याची चर्चा दरवर्षी दिवसाच्या पाऱ्याभोवती फिरते. जळगाव आणि भुसावळचे पंचेचाळिशीकडे झेपावणारे आकडे ठळक अक्षरांत छापले जातात, धुळे त्यांच्या मागोमाग असते. परंतु उष्माघाताचा धोका केवळ दुपारच्या उन्हात नाही. दिवसभर तापलेल्या शरीराला रात्री थंड होण्याची उसंत मिळाली नाही, तर दुसऱ्या दिवसाचे ऊन अधिक घातक ठरते. म्हणून गच्ची आणि तिच्याखालची खोली यांच्या तापमानातील तफावत हा सार्वजनिक आरोग्याचाही प्रश्न आहे. बाहेर गारवा उपलब्ध आहे, तो फुकट आहे, पण घरात शिरत नाही. असे का व्हावे?

या प्रश्नाला अमेरिकेतील कोरड्या, उष्ण भागांनी शोधलेले एक उत्तर म्हणजे संपूर्ण घरासाठी बसवलेला एकच मोठा पंखा. वरच्या मजल्याच्या छतात तो बसवतात. संध्याकाळी बाहेरची हवा घरापेक्षा थंड झाली की खिडक्या उघडायच्या आणि पंखा सुरू करायचा. तो घरातील गरम हवा वर ओढून माळ्यात आणि तेथून छपराच्या झरोक्यांवाटे बाहेर ढकलतो. तिची जागा घ्यायला खिडक्यांतून थंड हवा आत येते. सकाळी पंखा बंद, खिडक्या बंद, पडदे ओढलेले. रात्री साठवलेल्या गारव्यावर घर दुपारपर्यंत तग धरते. कॅलिफोर्नियाच्या इमारतविषयक ऊर्जा नियमांनी २०१३च्या आवृत्तीपासून तेथील अनेक उष्ण विभागांतील नव्या घरांसाठी हा पंखा प्रमाण आराखड्यात धरला आहे. म्हणजे ही हौशी लोकांची क्लृप्ती राहिलेली नाही.

खान्देशच्या दृष्टीने या युक्तीत लक्षवेधी काय असेल, तर तिचे गणित. हजार चौरस फुटांचा, पाच इंच जाडीचा स्लॅब म्हणजे सुमारे अठ्ठावीस टन काँक्रीट. ते एका अंशाने थंड करायचे तर जवळपास सात युनिट विजेइतकी उष्णता त्यातून बाहेर काढावी लागते. दीड टनाचे वातानुकूलन यंत्र तासाला सव्वापाच युनिटांइतकी उष्णता काढते. याचा अर्थ असा की, अंगाला गारवा लागण्याआधीच यंत्राची बरीचशी ताकद माथ्यावरच्या तव्यावर खर्च होते. आता पंख्याचे पाहू. तासाला तीन हजार सहाशे घनमीटर हवा बदलणारा पंखा असेल आणि बाहेरची हवा आतल्यापेक्षा पाच अंशांनी थंड असेल, तर तो तासाला सहा युनिटांची उष्णता बाहेर टाकतो. दीड टनाच्या यंत्रापेक्षा किंचित अधिकच! बाजारात मिळणारा अठरा इंची एक्झॉस्ट पंखा एवढी हवा सहज फेकतो आणि त्याला वीज लागते दोनशे वॅटच्या आसपास. रात्रीचे आठ तास चालवला तरी दीड-पावणेदोन युनिट. वातानुकूलन यंत्र तेवढ्याच वेळात आठ-दहा युनिट घेते, आणि महिन्याला शंभर युनिटांच्या पुढे दर चढत जाणाऱ्या घरगुती वीजबिलात हा फरक मध्यमवर्गीय कुटुंबाला चांगलाच जाणवतो.

अर्थात हे कागदावरचे गणित झाले. आत आलेली सगळी हवा स्लॅबला स्पर्श करून जात नाही आणि घर थंड होत जाते तसे आतल्या-बाहेरच्या तापमानातील अंतरही घटते. शिवाय मुळातच बाहेरची हवा थंड हवी. ती अट धुळ्यात बऱ्याच अंशी पूर्ण होते. येथील कृषी महाविद्यालयाच्या वेधशाळेत हिवाळ्यात पारा पाच-सहा अंशांपर्यंत घसरल्याच्या नोंदी होतात, तो याच कोरड्या हवेचा परिणाम. जमीन जशी लवकर तापते तशी लवकर निवते. मार्च-एप्रिलमध्ये दुपार आणि पहाट यांच्यात पंधरा अंशांपर्यंत फरक पडतो. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत हा उपाय लंगडा ठरेल, खान्देशात तो चालावा अशीच निसर्गाची रचना आहे.

पूर्वीच्या घरांना हे ठाऊक होते, असे म्हटले जाते. त्यात तथ्य आहे, पण ते जपून मांडायला हवे. धाब्याच्या घराला सागवानी खांडांवर फूट-दीड फूट मातीचा थर असे. दुपारचे ऊन त्यातून झिरपून आत पोचेपर्यंत रात्र उजाडे. धाब्यातच उजेडासाठी आणि चुलीच्या धुरासाठी ठेवलेल्या भोकातून गरम हवा आपोआप वर निघून जाई. वाड्याला मध्ये चौक असे. मात्र याच धाब्यांवर दर पावसाळ्यापूर्वी नवी माती टाकावी लागे, गवत उपटावे लागे, गळती तर पाचवीला पुजलेली. काँक्रीटचा स्लॅब लोकांनी मूर्खपणाने स्वीकारला नाही. त्या गळतीला कंटाळून स्वीकारला. चूक झाली ती वेगळीच. धाबे गेले तेव्हा त्यासोबत छतातले भोकही गेले आणि त्याच्या जागी दुसरे काही आले नाही. नंतर भिंतीच्या माथ्यावरची झडप गेली. आज बांधल्या जाणाऱ्या घरात गरम हवा वर चढते आणि स्लॅबखाली तुंबून राहते, कारण सर्वात उंच उघडी जागा म्हणजे दाराची चौकट, सात फुटांवरची.

खिडक्यांची अवस्था त्याहून वाईट आहे. राष्ट्रीय इमारत संहिता उष्ण व कोरड्या प्रदेशात खोलीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक दशांश उघडी जागा सांगते. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने डिसेंबर २०१८ मध्ये आणलेल्या ‘इको निवास संहिते’तही या हवामानासाठी उघडता येणाऱ्या खिडक्यांचे प्रमाण दहा टक्केच आहे. दहा बाय बाराच्या खोलीला म्हणजे बारा चौरस फूट. अशा खोलीला चार बाय चारची खिडकी ठेवली की सोळा फूट झाले, नियम पाळला, असे समजले जाते. पण ती खिडकी ॲल्युमिनियमची सरकती असते. तिचा एक पल्ला दुसऱ्यावर सरकतो, तेव्हा निम्मी जागा कायम बंदच राहते. उरतात आठ चौरस फूट. त्यावर डासांची जाळी बसली की हवा आणखी अडते. लाकडी दोन पल्ल्यांची जुनी खिडकी पूर्ण उघडत असे, हा साधा फरक घर बांधताना कुणी मोजत नाही. त्यातही इको निवास संहिता पाचशे चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडांवरील बांधकामांसाठी आहे. देवपूरच्या वसाहतींतील वीस बाय चाळीसचे भूखंड, दोन्ही बाजूंना सामाईक भिंती असलेली रांगेतली घरे आणि पंचवीस चौरस मीटरची घरकुले त्या नियमांच्या कक्षेतच येत नाहीत. ज्यांना गरज अधिक, त्यांनाच नियम नाही.

अमेरिकी पंखा आहे तसा उचलून येथे बसवता येणार नाही, हेही स्पष्ट आहे. तिकडे छपराखाली माळा असतो, इकडे स्लॅबवर थेट आभाळ. मात्र धुळ्या-जळगावच्या बहुतेक स्वतंत्र घरांत एक जागा आयती उपलब्ध आहे. गच्चीवर उघडणाऱ्या जिन्याची खोली हा घराचा सर्वात उंच बिंदू असतो. संपूर्ण घराची गरम हवा आपसूकच त्या दिशेने चढते. त्या खोलीच्या भिंतीत, वाऱ्याच्या पाठीकडच्या बाजूस एक्झॉस्ट पंखा बसवला, गच्चीचे दार बंद ठेवले आणि खालच्या खोल्यांच्या खिडक्या उघडल्या, तर जिना हेच घराचे धुराडे होते. आठशे चौरस फुटांच्या, दहा फूट उंचीच्या घरातली सारी हवा वर सांगितलेला पंखा तासात पंधरा-सोळा वेळा बदलू शकतो. वीज गेली तरी दार उघडून हवा थोडीफार वर जातच राहते. येथील अनेक घरांत कूलरच्या समोरच्या भिंतीत छोटा एक्झॉस्ट लावण्याची पद्धत आहेच. तत्त्व तेच. कूलर लावून खोली गच्च बंद करणाऱ्यांना दमट, चिकट हवेत झोपावे लागते, कारण आलेल्या हवेला जायला वाट नसते. शिवाय कूलर रोज कित्येक बादल्या पाणी पितो, आणि काही दिवसांआड येणाऱ्या नळाचा अनुभव धुळेकरांना नवा नाही.

काही पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावी लागतात. खिडक्या उघडल्याशिवाय पंखा सुरू करता कामा नये. बंद घरात तो मिळेल तेथून हवा ओढतो, आणि गॅस गिझर सुरू असेल तर त्याचा विषारी धूर बाहेर जाण्याऐवजी घरात येऊ शकतो. धुळीच्या वावटळी सुटतात त्या संध्याकाळी वाट पाहावी लागते. पावसाळ्यात, हवा दमट असताना, लाभ थोडाच. आणि सर्वात मोठी अडचण तांत्रिक नाहीच. तळमजल्याच्या खिडक्या रात्रभर उघड्या ठेवायच्या कशा? उन्हाळ्यात घरातली माणसे गच्चीवर झोपली की चोऱ्या होतात, या भीतीने लोक कुलपे लावून वर जातात. मजबूत गज आणि जाळी यांचा खर्च पंख्यापेक्षा अधिक आहे. रात्रीची गस्त आणि डासांचा बंदोबस्त हेही घर थंड ठेवण्याचेच उपाय ठरतात, ही बाब महापालिकेच्या उन्हाळी नियोजनात सहसा विचारात घेतली जात नाही.

शहराच्या आखणीचा वारसा पाहता ही उपेक्षा अधिक खटकते. कॅप्टन ब्रिग्ज यांनी १८१९ मध्ये नव्या धुळ्याची आखणी करताना रस्ते सरळ आणि रुंद ठेवले. आज त्याच रस्त्यांवर वारा वाहतो, घरे मात्र बंद. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या डोंगरांवर पवनचक्क्यांची रांग उभी आहे. ज्या जिल्ह्याचा वारा वीज म्हणून विकला जातो, त्याच जिल्ह्यात वारा घरात घेण्यासाठी साधी झडप उरलेली नाही.

तरीही पंखा म्हणजे सर्वकाही नव्हे. स्लॅब दिवसा कमी तापला तर रात्री काढायची उष्णताही कमी होते, म्हणून गच्चीला चुन्याचा पांढरा हात आधी आणि पंखा नंतर, हा क्रम योग्य ठरेल. २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा आखणाऱ्या अहमदाबादने पुढे झोपडपट्ट्यांतील छपरे पांढरी करण्याचा मार्ग धरला, तो याच विचाराने. मेच्या मध्यावर, जेव्हा रात्रीचा पाराही तिशीच्या खाली उतरायला तयार नसतो, तेव्हा हा उपाय घर सुखद करणार नाही, केवळ सुसह्य करील. हवामान विभाग आता ‘उष्ण रात्री’चा वेगळा इशारा देतो. दिवसाचे कमाल तापमान चाळीस अंश वा अधिक आणि किमान तापमान सरासरीपेक्षा साडेचार अंशांहून जास्त राहिले की ती उष्ण रात्र मानली जाते. अशा रात्री वाढत गेल्या तर बाहेरच्या गारव्यावर विसंबलेली कोणतीही युक्ती तेवढ्या प्रमाणात निकामी होत जाईल. काँक्रीटचे रस्ते, तोडलेली झाडे आणि खिडकी-खिडकीतून शेजाऱ्याच्या अंगणात उष्णता ओतणारी वातानुकूलन यंत्रे त्या दिशेनेच ढकलत आहेत.

सध्या तरी मार्चपासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंतच्या बहुतेक रात्री धुळ्याच्या हाती आहेत. घराचे काम सुरू असतानाच जिन्याच्या खोलीत दीड फुटाचे भोक, त्याला जाळी आणि विजेची एक जोडणी ठेवली तर गवंड्याचे अर्ध्या दिवसाचे काम वाढते. बांधकाम परवानगीच्या नकाशावर महापालिकेला ते मागता येईल, आणि खिडकीचे माप घेताना चौकट नव्हे तर उघडणारा भाग मोजण्याची सूचनाही तिच्या नगररचना विभागाला देता येईल. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.