बिलं दोन, माहिती एकच

दहावीच्या बीजगणितात निश्चयक येतो, क्रेमरची पद्धत येते. मुलं तिरका गुणाकार करतात, वजाबाकी करतात, गुण मिळवतात. पण निश्चयक शून्य आला म्हणजे काय झालं, असं विचारलं की वर्ग गप्प.

आमच्या मुरबाडच्या बाजारातलं बिल घ्या. २ किलो तांदूळ, ३ किलो डाळ. दर नाहीत, फक्त एकूण रक्कम. त्याच दराचं दुसरं बिल : ४ किलो तांदूळ, ६ किलो डाळ. निश्चयक : २ × ६ − ३ × ४ = ०. दुसरं बिल पहिल्याचीच दुप्पट. कागद दोन, माहिती एकच. दर सापडणार नाहीत. दुसऱ्या बिलात डाळ ५ किलो असती तर निश्चयक −२ आला असता आणि दोन्ही दर निघाले असते.

अकरावी विज्ञानला हाच निश्चयक इंग्रजीतून, तीन ओळींचा होऊन येतो. सोबत कोफॅक्टर. मराठी-उर्दू माध्यमाची मुलं इथे बिचकतात. खरं तर एका संख्येची ओळ आणि स्तंभ झाकायचा, उरलेल्या चार संख्यांचा दहावीतलाच निश्चयक काढायचा आणि जागेप्रमाणे अधिक किंवा उणे चिन्ह द्यायचं. झाला कोफॅक्टर! एका ओळीतली प्रत्येक संख्या आपापल्या कोफॅक्टरने गुणून बेरीज केली की पूर्ण निश्चयक मिळतो.

म्हणून आधी अर्थ, तोही मुलांच्या भाषेत, सूत्र नंतर. अल-ख्वारिज्मीच्या 'अल-जब्र'वरून अल्जिब्रा हा शब्द आला, हे आपण अभिमानाने सांगतो. जरूर सांगावं. पण घरातल्या मुलामुलींना शून्याचा अर्थही विचारावा.