सहाव्या भागापासून सुरुवात करावी काय?

"आधीचे पाच भाग खेळलो नाही, तर सहावा कसा कळणार?" हिंगोलीतील आमच्या एका विद्यार्थ्याचा हा प्रश्न 'सोलकॅलिबर ६' या शस्त्रयुद्धाच्या व्हिडिओ गेमविषयी होता. आमचे मत असे की, नवख्याने खुशाल इथूनच आरंभ करावा. २०१८ साली आलेला हा भाग १९९८ च्या पहिल्या 'सोलकॅलिबर'चीच कथा नव्याने सांगतो. पूर्वकथेचे ओझे उरत नाही. मूळ नियमही सोपा : उभा वार जोरकस, पण बाजूला सरकून चुकवता येतो, आडवा वार त्या सरकणाऱ्यालाच गाठतो. एवढे उमगले की खेळाचे व्याकरण हाती आले. मात्र 'रिव्हर्सल एज' ही एका बटणाने साधणारी प्रतिचाल जपून वापरावी. तिच्या भरवशावर राहिल्यास खरा बचाव शिकायचा राहूनच जातो.

नामदेवांचे जन्मस्थान मानली जाणारी नरसी आमच्याच जिल्ह्यातली. त्यांची गाथा कुठेही उघडावी, अभंग वाचकाला आत घेतो. वर्गात मात्र "आधी ते वाचून या" म्हणत आम्हीच किती जणांना उंबरठ्यावर अडवले असेल!